अक्षरी रकमेचे पॅकेज आणि हिरव्या चाचण्या: मुक्तस्रोतात नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्यात ढोकाळीला आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या संगणकावर निघू लागल्या, तेव्हा आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम देणारे एक छोटे पॅकेज मी पायथनमध्ये लिहिले. पुढे ऐरोलीच्या एका सहकाऱ्याने त्याच्या सोसायटीसाठी ते मागितले आणि मी ते मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. कोड तपासणाऱ्या चाचण्या लिहिलेल्या होत्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या आणि कव्हरेज (चाचण्यांत कोडच्या किती ओळी धावल्या याचे प्रमाण) पूर्ण १०० टक्के होते. अशा सुखात असताना एके दिवशी आमच्या खजिनदार काकांचा फोन आला: "अहो, आकड्यात ३,८८४ आहे आणि अक्षरी 'तीन हजार आठशे चौऱ्याहत्तर' आहे. यातलं खरं काय धरू?"

पावतीवर एवढेच निभावले. धनादेशावर मात्र आकडा आणि अक्षर यांत फरक पडला, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते. म्हणजे ज्या मजकुराला कायदा आकड्यापेक्षा वरचढ मानतो, तोच मजकूर माझ्या पॅकेजने चुकीचा छापला होता आणि १०० टक्के कव्हरेजने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

एखाद्या मुक्तस्रोत पॅकेजमध्ये पहिल्यांदाच हातभार लावू पाहणाऱ्या, पायथनची तोंडओळख असलेल्या पण चाचण्या कधीच न लिहिलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. उदाहरणे याच अक्षरी रकमेच्या पॅकेजची आहेत. आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी चाचण्या चालवून पाहणे

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील मूळ रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचा) स्वतःच्या खात्यात फोर्क, म्हणजे प्रत, घ्यावा, तो आपल्या यंत्रावर क्लोन करावा (उतरवून घ्यावा) आणि त्या फोल्डरमध्ये पायथनच्या 'व्हेन्व्ह' या अंगभूत सोयीने स्वतंत्र आभासी वातावरण तयार करावे. यंत्रावरील मूळ पायथनमध्येच सगळे ओतण्याचा मोह टाळावा, कारण दोन महिन्यांनी कोणते पॅकेज कशासाठी बसवले होते हे आठवत नाही आणि चाचणी आपल्याकडे पास व इतरांकडे नापास का होते हे शोधण्यात पूर्ण रविवार जातो. वातावरण सुरू झाल्यावर पॅकेज 'एडिटेबल' पद्धतीने, म्हणजे पिप इन्स्टॉलला 'ई' हा पर्याय देऊन बसवावे. त्यामुळे आपण फाइलीत केलेला बदल पुन्हा इन्स्टॉल न करताच लागू होतो. चाचण्यांसाठी लागणारी पॅकेजे बहुतेक प्रकल्पांत 'टेस्ट' किंवा 'डेव्ह' अशा नावाच्या वेगळ्या गटात नोंदवलेली असतात; ती कशी बसवायची हे 'कॉन्ट्रिब्यूटिंग' या फाइलीत दिलेले असते. ती फाइल आधी वाचावी. मेंटेनरला, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याला, सर्वाधिक वैताग आणणारे प्रश्न तेच असतात, ज्यांची उत्तरे तिच्यात असतात.

यानंतर एकही ओळ न बदलता 'पायटेस्ट' (चाचण्या शोधून चालवणारे साधन) ही आज्ञा द्यावी. ठिपक्यांची रांग आणि शेवटी हिरवी ओळ दिसली तर पाया पक्का आहे. काही चाचण्या आधीपासूनच नापास असतील तर त्या टिपून ठेवाव्यात, नाहीतर नंतर त्यांचे खापर आपल्याच बदलावर फुटते. एकही चाचणी सापडली नाही असा संदेश आला, तर बहुधा आपण चुकीच्या फोल्डरमध्ये उभे आहोत. पायटेस्ट ज्या फाइलींचे नाव 'टेस्ट' आणि अधोरेषा यांनी सुरू होते किंवा अधोरेषा आणि 'टेस्ट' यांनी संपते त्याच फाइली उघडते, आणि त्यांतही 'टेस्ट' ने सुरू होणारी फंक्शने तेवढीच चालवते. नवख्याने मोठ्या कष्टाने लिहिलेली चाचणी कधी चाललीच नाही, असे घडण्याचे सर्वांत साधे कारण हे नावच असते. म्हणून नवी चाचणी लिहिल्यावर एकूण चाचण्यांचा आकडा एकाने वाढला का, हे डोळ्यांनी पाहावे.

दुसरी पायरी: पहिली चाचणी आणि तिचा लाल रंग

चाचणी म्हणजे मुळात एक साधे फंक्शन असते. त्यात आपले पॅकेज वापरायचे आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे असे 'असर्ट' या शब्दाने ठासून सांगायचे. आमच्या पॅकेजातील पहिली चाचणी एका ओळीची होती: 'अक्षरी' या फंक्शनला ३४७५ दिले असता 'तीन हजार चारशे पंच्याहत्तर' हे उत्तर आले पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या तर चाचणी पास होते. जुळल्या नाहीत तर पायटेस्ट अपेक्षित आणि प्रत्यक्ष मजकूर एकाखाली एक मांडून नेमका कुठे फरक पडला ते दाखवते.

या टप्प्यावर नवखे लोक एक गोष्ट हमखास वगळतात. चाचणी लिहिली, हिरवी झाली, की ते पुढे जातात. मी रविवारी ज्या मुलामुलींना हे शिकवतो त्यांच्याकडून एक नियम पाळून घेतो: चाचणी हिरवी झाली की मूळ कोड मुद्दाम बिघडवायचा, ती लाल होते हे पाहायचे आणि मगच कोड पूर्ववत करायचा. 'हजार' च्या जागी 'लाख' लिहून पाहावे. तरीही चाचणी हिरवीच राहिली, तर ती काहीच तपासत नाही. असे होण्याची कारणे अगदी क्षुल्लक असतात. 'असर्ट' शब्दच राहून गेलेला असतो आणि नुसती तुलना लिहिलेली असते, जी पायथन मुकाट्याने करून टाकून देतो. किंवा 'असर्ट' नंतर अट आणि संदेश या दोहोंभोवती एकच कंस घातलेला असतो. मग दोन घटकांचा टपल तयार होतो, रिकामा नसलेला टपल नेहमीच खरा मानला जातो आणि अशी चाचणी कधीही नापास होऊ शकत नाही. पायटेस्ट या दुसऱ्या चुकीबद्दल इशारा देते, पण इशारे वाचणारे कमी.

तिसरी पायरी: कडेच्या रकमा शोधणे

३४७५ सारखी मधली रक्कम क्वचितच दगा देते. बग कडेला बसलेले असतात, आणि कडा कोणत्या हे कोडपेक्षा विषयाला विचारावे लागते. मराठी अक्षरी रकमेच्या बाबतीत आम्ही कागद घेऊन बसलो, तेव्हा पुढील गोष्टी निघाल्या. शून्याचे काय करायचे? ९९,९९९ नंतर १,००,००० आणि ९९,९९,९९९ नंतर १,००,००,००० येते, तिथे हजाराचे लाख आणि लाखाचे कोटी नीट होतात का? नुसते १०० असेल तर आपण 'शंभर' म्हणतो, पण १०१ ला 'एकशे एक' म्हणतो. मग १,१०० ला 'एक हजार शंभर' म्हणायचे की 'एक हजार एकशे'? (बाजारात लोक सरळ 'अकराशे' म्हणतात, पण पावतीवर ते कोणी लिहीत नाही.) आम्ही 'एक हजार एकशे' हे रूप ठरवले, आणि ते ठरल्याची नोंद म्हणजे त्या रकमेची चाचणी. चाचणीचा हा उपयोग फारसा सांगितला जात नाही: चर्चेअंती घेतलेला निर्णय ती अशा ठिकाणी नोंदवून ठेवते की तो कोणी नकळत फिरवू शकत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील 'वीस एक', 'सत्तर दोन' या वाचनपद्धतीवरून केवढा गदारोळ झाला होता हे आठवत असेल, तर संख्यावाचनात 'हे तर उघडच आहे' असे काही नसते हे पटेल.

पैशांच्या बाबतीत कडा आणखी धारदार होतात. एक रुपया पंधरा पैसे ही रक्कम दशांश संख्या म्हणून घेतली आणि १०० ने गुणून तिचा पूर्णांक भाग काढला, तर पायथन ११५ ऐवजी ११४ देतो, कारण १.१५ ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवताच येत नाही आणि गुणाकार ११५ च्या किंचित अलीकडे थांबतो. आमच्या पहिल्या आवृत्तीत 'एक रुपया चौदा पैसे' असे छापले जात होते. उपाय म्हणजे रक्कम पायथनच्या 'डेसिमल' प्रकारात, तीही मजकुरातूनच घ्यावी. पूर्णांकनाचाही एक चकवा आहे: पायथनचे 'राउंड' फंक्शन अडीचचे दोन करते आणि साडेतीनचे चार, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेते. शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे अर्धा नेहमी वर जायला हवा असेल, तर ते डेसिमलला स्पष्ट सांगावे लागते.

अशा वीस-पंचवीस रकमांसाठी वीस-पंचवीस फंक्शने लिहायची गरज नाही. पायटेस्टमध्ये 'पॅरामेट्राइझ' नावाची खूण आहे. रक्कम आणि अपेक्षित उत्तर अशा जोड्यांची यादी तिला दिली की एकच फंक्शन प्रत्येक जोडीसाठी वेगळी चाचणी म्हणून चालते, आणि एक जोडी नापास झाली तरी उरलेल्या चालत राहतात. चुकीच्या निविष्टीसाठी (इनपुटसाठी) 'रेझेस' ही सोय वापरावी. ठरलेली चूक (एक्सेप्शन) उठली नाही तर ती चाचणी नापास करते. येथे देवनागरी वाचकांसाठी एक गंमत आहे. पायथनचे 'इंट' फंक्शन देवनागरी आकडे असलेला मजकूरही निमूटपणे स्वीकारते, म्हणजे '७४' हा मजकूर दिला की त्यातून चौऱ्याहत्तर ही संख्या मिळते. पण मजकुरात केवळ आकडेच आहेत का हे आधी 'इझडिजिट' ने तपासले, तर वर्गाचे चिन्ह म्हणून वर लिहिलेला छोटा दोनही त्यात पास होतो आणि पुढे 'इंट' त्यावर अडखळते. योग्य कसोटी 'इझडेसिमल' ही आहे. हे मला एका नवख्या विद्यार्थिनीच्या चाचणीमुळे कळले, हे येथे नमूद केले पाहिजे.

चौथी पायरी: कव्हरेज मोजणे आणि ते वाचणे

कव्हरेज म्हणजे चाचण्या चालत असताना कोडमधील कोणत्या ओळी प्रत्यक्षात धावल्या याची नोंद. पायथनसाठी हे काम 'कव्हरेज-पाय' हे साधन करते. नेड बॅचेल्डर गेली अनेक वर्षे त्याचा सांभाळ करत आहेत. पायटेस्टबरोबर ते वापरण्यासाठी 'पायटेस्ट-कव्ह' हे पूरक पॅकेज बसवावे आणि पायटेस्टला 'कव्ह' हा पर्याय आपल्या पॅकेजच्या नावासह द्यावा. पॅकेजचे नाव देणे महत्त्वाचे आहे. काय मोजायचे ते सांगितले नाही, तर चाचण्यांच्या फाइलीही मोजणीत येऊ शकतात, आणि त्या जवळजवळ पूर्ण धावत असल्यामुळे टक्केवारी फुगते. शिवाय ज्या फाइलीला एकाही चाचणीने हात लावला नाही, ती अहवालात दिसतच नाही. नाव दिले असता तीच फाइल शून्य टक्क्यांसह समोर येते.

अहवालात 'टर्म-मिसिंग' हा प्रकार मागितला की न धावलेल्या ओळींचे क्रमांक टर्मिनलमध्येच मिळतात. एचटीएमएल प्रकार मागितला तर प्रत्येक फाइलीचे एक पान तयार होते, ज्यात न धावलेल्या ओळी लाल दिसतात. नवख्याने सुरुवातीला दुसराच प्रकार वापरावा आणि टक्केवारीकडे न पाहता थेट लाल ओळींकडे जावे. टक्केवारी फसवी असण्याचे एक कारण असे की पॅकेज नुसते इम्पोर्ट केले तरी प्रत्येक फंक्शनची 'डेफ' ची ओळ धावली असे मोजले जाते. त्यामुळे छोट्या पॅकेजात एकही गोष्ट न तपासता तिसरा हिस्सा हिरवा दिसू शकतो.

लाल ओळ दिसली की तिला तीन प्रश्न विचारावेत. ही परिस्थिती प्रत्यक्षात उद्भवते का? उद्भवत असेल तर तिथे काय घडायला हवे? आणि उद्भवत नसेल तर ही ओळ येथे का आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'काढून टाका' असे येते, आणि तो कव्हरेजचा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. ज्या ओळी तपासणे खरोखरच निरर्थक आहे त्यांच्यापुढे 'प्राग्मा: नो कव्हर' ही टीप लिहून त्या मोजणीतून वगळता येतात, पण प्रत्येक वगळणुकीचे कारण शेजारी लिहावे; नाहीतर ही टीप म्हणजे केर गालिच्याखाली सरकवण्याची सोय होते.

ओळींच्या मोजणीत एक मोठे भगदाड आहे. समजा, रकमेत पैसे असतील तर त्यांचा मजकूर एका चलात भरायचा, असे 'इफ' आहे आणि शेवटच्या ओळीत तो चल वापरला आहे. तीन हजार चारशे पंच्याहत्तर रुपये पन्नास पैसे या एकाच रकमेची चाचणी लिहिली, तर 'इफ' ची ओळ धावते, आतील ओळ धावते, शेवटची ओळ धावते आणि अहवालात १०० टक्के येतात. परंतु पैसे नसलेली रक्कम आली की तो चल तयारच झालेला नसतो आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. पावत्यांवर तर बहुतेक रकमा पैसे नसलेल्याच असतात! हे टाळण्यासाठी 'कव्ह-ब्रँच' हा पर्याय द्यावा. मग साधन केवळ ओळी न मोजता वाटा मोजते: 'इफ' मधून आत जाण्याची एक आणि त्याला वळसा घालून पुढे जाण्याची दुसरी. एकच वाट चालली असेल तर एचटीएमएल अहवालात ती ओळ पिवळी दिसते आणि टर्मिनलमध्ये कोणत्या ओळीवरून कोणत्या ओळीवर उडी पडली नाही तेही कळते. माझ्या मते ब्रँचचा पर्याय पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवावा.

पाचवी पायरी: कव्हरेजला जे दिसत नाही

आता चौऱ्याऐंशीकडे परत येऊ. मराठीत शून्य ते नव्याण्णव या संख्यांची नावे नियमाने तयार होत नाहीत, म्हणून आमच्या पॅकेजात १०० शब्दांची एक यादी आहे. ती कितीही ओळींवर पसरलेली असली तरी पायथनच्या दृष्टीने ते एकच विधान आहे. पॅकेज इम्पोर्ट होताच ते विधान धावते आणि संपूर्ण यादी हिरवी होते, मग आत चौऱ्याऐंशीच्या जागी चौऱ्याहत्तर लिहिलेले असो की आणखी काही. यादी टंकताना मी वरचा शब्द चिकटवून बदलायला विसरलो होतो. कव्हरेज खोटे बोलले नव्हते. ओळ धावली होती हे खरेच होते. ती धावल्यावर निघालेले उत्तर कोणी तपासले का, हा प्रश्न त्याला कधी विचारलेलाच नसतो.

या एका बगसाठी आम्ही तीन चाचण्या घातल्या. पहिली ३,८८४ या रकमेचीच, म्हणजे तोच बग पुन्हा आला तर सापडेल; बग दुरुस्त करण्याआधी तो दाखवणारी चाचणी लिहावी, ती लाल झालेली पाहावी आणि मग दुरुस्ती करावी, हा क्रम येथेही पाळला. दुसरी चाचणी अधिक कामाची ठरली: यादीतील शब्द एका 'सेट' मध्ये टाकले असता बरोबर १०० वेगळे शब्द उरले पाहिजेत. ही एक ओळ आधीपासून असती, तर काकांना फोन करावा लागला नसता. तिसरी म्हणजे एका वयस्क शिक्षिकेने हाताने तपासून दिलेली स्वतंत्र यादी, जिच्याशी आमची यादी शब्द-न्-शब्द ताडली जाते. मूळ कोडमधूनच उतरवलेल्या अपेक्षित उत्तरांचा काही उपयोग नसतो, कारण त्यांत तीच चूक उतरते.

ही तिसरी चाचणी पहिल्याच दिवशी लाल झाली, आणि तीही एका विलक्षण कारणाने. अपेक्षित शब्द 'चौऱ्याहत्तर', आलेला शब्द 'चौऱ्याहत्तर', पडद्यावर दोन्ही एकसारखे, आणि तरीही असमान. त्यातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच सांकेतिक क्रमांकाने लिहिता येते, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येते. शिवाय काही कळफलक 'र', हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तसेच दिसणारे अक्षर उमटवतात. पहिल्या दोन रूपांतील फरक पायथनच्या 'युनिकोडडेटा' या विभागातील 'नॉर्मलाइझ' फंक्शनला 'एनएफसी' हे रूप सांगून मिटवता येतो. तिसरे रूप मात्र त्याने बदलत नाही. तिथे आपल्या पॅकेजचे एकच लेखन ठरवून दुसरे यादीत आढळल्यास नापास करणारी चाचणीच लिहावी लागते. मराठी मजकुराशी संबंध असलेल्या कोणत्याही पॅकेजात ही चाचणी घालावी असा माझा आग्रह आहे.

चाचण्या खरोखर राखण करतात का, हे हाताने कोड बिघडवून पाहण्याची जी सवय दुसऱ्या पायरीत सांगितली, तिचेच यांत्रिक रूप म्हणजे म्यूटेशन टेस्टिंग. ही कल्पना १९७० च्या दशकापासूनची आहे. पायथनमध्ये 'म्यूटमट' सारखे साधन कोडमध्ये एकेक बारीक बदल करते, कुठे अधिकचे उणे, कुठे 'पेक्षा लहान' चे 'पेक्षा लहान किंवा समान', आणि प्रत्येक वेळी सर्व चाचण्या चालवते. ज्या बदलानंतरही सगळे हिरवेच राहते, तिथे आपली राखण कच्ची असते. मोठ्या पॅकेजात याला फार वेळ लागतो. दोन-तीनशे ओळींच्या पॅकेजात मात्र एकदा तरी चालवून पाहावे. याच्या दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट असल्याचे त्याचे कर्तेच सांगतात. सोसायटीच्या पावतीला तेवढे लागत नाही.

सहावी पायरी: प्रत्येक बदलाबरोबर आपोआप चाचण्या

आपल्या यंत्रावर चाचण्या चालवण्याची आठवण राहीलच असे नाही, आणि दुसऱ्याने चालवल्या का हे कळत नाही. म्हणून हे काम रिपॉझिटरीकडेच सोपवतात. सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी गिटहब ॲक्शन्स या सेवेचे नेहमीचे रनर, म्हणजे चाचण्या चालवणारी गिटहबची यंत्रे, मोफत आहेत. 'गिटहब' नावाच्या, ठिपक्याने सुरू होणाऱ्या फोल्डरमधील 'वर्कफ्लोज' या उपफोल्डरात एक यॅमल फाइल (साध्या मजकुरातील सूचनांची फाइल; हाच वर्कफ्लो) ठेवायची, तिच्यात 'पुश (गिटहबवर पाठवलेला बदल) आणि पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ रिपॉझिटरीत घेण्याची विनंती) आली की चालव' असे लिहायचे आणि मग आपण पहिल्या पायरीत हाताने दिलेल्या आज्ञाच त्याच क्रमाने मांडायच्या: कोड उतरवून घे, पायथन बसव, पॅकेज बसव, पायटेस्ट चालव.

पायथनच्या अनेक आवृत्त्यांवर चाचणी घ्यायची असेल तर त्यांची 'मॅट्रिक्स' नावाची यादी देता येते. येथे आवृत्त्यांभोवती अवतरणचिन्हे घालायला विसरू नये. ती नसतील तर यॅमल ३.१० ला दशांश संख्या समजते, शेवटचे शून्य गळते आणि यंत्र पायथन ३.१ शोधू लागते. ही चूक मीही केली आहे.

यादीत लिनक्सबरोबर विंडोजही असावे. आमच्या पॅकेजात शब्दांची यादी पूर्वी वेगळ्या मजकूर फाइलीत होती आणि ती उघडताना मी 'एन्कोडिंग' सांगितले नव्हते. माझ्या लिनक्सवर सर्व सुरळीत. विंडोजच्या रनरवर मात्र पायथन ती फाइल सीपी-१२५२ या पाश्चात्त्य कोडपेजने (बाइट आणि अक्षरे यांच्या तक्त्याने) वाचत होता. 'शंभर' सारख्या शब्दाची त्यात अगम्य चिन्हे होतात, पण चूक उठत नाही; 'सत्तर' मध्ये हलंत आहे आणि यूटीएफ-८ या फाइलीच्या खऱ्या एन्कोडिंगमधील हलंताच्या शेवटच्या बाइटला त्या कोडपेजात अक्षरच नेमलेले नाही, म्हणून तिथे वाचन कोसळते. जोडाक्षराने बग उघडा पाडण्याचे असे उदाहरण मी तरी दुसरे पाहिलेले नाही. फाइल उघडताना प्रत्येक वेळी यूटीएफ-८ सांगणे हा त्यावरचा साधा उपाय.

रनरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. पावतीवर आर्थिक वर्ष छापणारे आमचे फंक्शन 'आजची तारीख' स्वतःच घेत असे. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता ठाण्यातून पुश केले, तर रनरवर अजून ३१ मार्चची संध्याकाळ असते आणि वर्ष एकाने मागे पडते. फंक्शनला तारीख बाहेरून देता यावी अशी रचना करावी आणि चाचणीत ३१ मार्च व १ एप्रिल या दोन्ही ठरावीक तारखा द्याव्यात. 'आज' वर अवलंबून असलेली चाचणी आज ना उद्या विनाकारण लाल होतेच.

कव्हरेजचा अहवाल बाहेरच्या सेवेकडे पाठवून रिपॉझिटरीच्या पहिल्या पानावर टक्केवारीचा बिल्ला लावण्याची पद्धत आहे. बिल्ला लावायला हरकत नाही. परंतु वर्कफ्लोमध्ये बाहेरची कोणतीही स्क्रिप्ट चालवताना तिची आवृत्ती निश्चित करावी आणि तिला आवश्यक त्यापेक्षा जास्त गुप्त किल्ल्या दिसू देऊ नयेत. २०२१ साली कोडकव्ह या सेवेच्या अपलोडर स्क्रिप्टमध्ये हल्लेखोरांनी बदल केला होता आणि ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला तो उघडकीस येईपर्यंत अनेक प्रकल्पांच्या सीआय (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या) यंत्रणेतील गुप्त माहिती बाहेर जाऊ शकत होती. छोट्या पॅकेजला टर्मिनलमधील अहवाल पुरतो.

किमान टक्केवारीची अट घालायची असल्यास 'फेल-अंडर' हा पर्याय आहे. कव्हरेज त्याखाली गेले की तपासणी नापास होते. ती अट मी सध्याच्या पातळीच्या थोडी खाली ठेवतो आणि तिच्यावरून कोणाची पुल रिक्वेस्ट अडवत नाही. त्याचे कारण गणितातच आहे. १०० ओळींपैकी ९० धावत असतील तर ९० टक्के. कोणी पुनरावृत्ती झालेल्या, पूर्ण तपासलेल्या २० ओळी काढून कोड सुबक केला, तर ८० पैकी ७० उरतात आणि आकडा ८७.५ वर घसरतो. कोड सुधारला, टक्का उतरला. अशा माणसाला अडवणे शुद्ध अन्याय आहे.

सातवी पायरी: पुल रिक्वेस्ट

नवख्याने पहिले योगदान म्हणून नवी सोय लिहायला घेऊ नये. कव्हरेजचा अहवाल काढावा, एखादी पिवळी ओळ निवडावी, तिथे काय घडायला हवे हे मेंटेनरला इश्यूमध्ये (गिटहबवरील चर्चेच्या नोंदीत) विचारावे आणि त्या उत्तराची चाचणी लिहून पाठवावी. असे योगदान छोटे असते, तपासायला सोपे असते आणि क्वचितच नाकारले जाते. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात तीन गोष्टी असाव्यात: कोणती परिस्थिती तपासली, कोड कसा बिघडवल्यावर चाचणी लाल झाली, आणि तपासताना एखादा बग सापडला असल्यास तो कोणता. 'कव्हरेज वाढवले' एवढेच लिहिलेले वर्णन मेंटेनरला काहीच सांगत नाही.

पाठवल्यावर तपासण्या सुरूच होत नाहीत असे दिसले तर गोंधळून पुन्हा पुन्हा पुश करू नये. त्या रिपॉझिटरीत पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याचा वर्कफ्लो मेंटेनरने मंजुरीचे बटण दाबेपर्यंत गिटहब थांबवून ठेवते, कारण अनोळखी व्यक्तीने पाठवलेला कोड या यंत्रांवर चालणार असतो. आमच्या पॅकेजचे ते बटण मी बहुधा ठाणे-वाशी लोकलमध्ये, रबाळे ते घणसोलीच्या दरम्यान दाबतो. कामाच्या दिवशी पाठवलेल्या पुल रिक्वेस्टला त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उत्तर मिळते.